गाठसोड्या

फार जुन्या काळची गोष्ट सांगतो. तेव्हा एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावाला खेळांचं भारी वेड होतं. होळीच्या आदल्या दिवशी तिथे जत्रा भरायची. इतर जत्रांना लोक देवाला जातात, शेव-रेवड्या घेतात, पाळण्यात बसतात. इथे मात्र सगळे यायचे ते एका नव्या खेळासाठी. वर्षभर राबून कुणीतरी तो उभा करायचं आणि आसपासच्या गावांतली पोरंथोरं तो खेळून खूश होऊन घरी जायची.

या गावाची एक रीत होती. ती आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. खेळ करणाऱ्याने आपल्या खेळात काय काय आहे ते चावडीवर सगळ्यांसमोर सांगायचं, आणि सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीची एका जाड दोराला गाठ मारायची. जत्रेच्या दिवशी तोच दोर खेळाच्या दारावरच्या घंटेला बांधायचा. मग जमलेल्या पोरांतलं सगळ्यात लहान पोर पुढे येऊन दोर ओढायचं, घंटा वाजायची आणि दार उघडायचं. सूर्य बुडेपर्यंत घंटा वाजली नाही, तर खेळ मोडायचा आणि त्याची लाकडं दुसऱ्या दिवशी होळीत घालायची. तशी वेळ कधी आली मात्र नव्हती. दोर चांगला लांब असे आणि गाठी दोन नाहीतर तीन.

मारलेली गाठ सोडताही येत असे. ज्याने मारली त्यानेच ती सोडायची, आणि ‘हे माझ्या खेळात नाही’ असं सगळ्यांदेखत म्हणायचं. पण असं कोण म्हणणार हो? त्या गावात कुणाला खोटारडा म्हणायचं झालं तर ‘गाठसोड्या’ म्हणत, आणि याहून मोठी शिवी गावाला ठाऊक नव्हती.

तर त्या गावात एक खेळ करणारा होता. त्याला सगळे खेळ्याच म्हणत. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. पण बोलण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. तो चावडीवर उभा राहिला, की म्हातारेसुद्धा काठी बाजूला ठेवून मांडी घालून बसत. खोटं बोलावं म्हणून तो कधी बोलला नाही. बोलता बोलता त्याला सगळं डोळ्यांपुढे दिसू लागे, आणि एकदा दिसलं की ते झालंच, असं त्याला मनापासून वाटे. म्हणून प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो म्हणायचा, “झालंच समजा.”

मागच्या वर्षी त्याने उडता घोडा सांगितला होता. निघाला झोपाळा. झोपाळ्याला घोड्याचं तोंड लावलेलं होतं, एवढंच. लोक चिडले, बडबडले. तेवढ्यात खेळ्या दगडावर चढून पुढच्या वर्षीचा खेळ सांगू लागला आणि बघता बघता सगळे राग विसरून ऐकत उभे राहिले.

खेळ्याची बायको गोजरा. खेळ करायची ती. तासणी, रंधा, करवत, सगळं तिच्या हातचं. नवरा चावडीवर टाळ्या घेत असायचा तेव्हा ही अंगणात भुशात बसलेली असायची. या वर्षी तिने वाटांचा खेळ मांडला होता. बांबूच्या उंच तट्ट्यांमधून वळत जाणाऱ्या वाटा, मध्ये फिरती दारं, कुठे लाकडाची जनावरं. आत जाणाऱ्याने आपली वाट आपण शोधायची.

ती म्हणाली, “अहो, यंदा बेतानं बोला. आहे तेवढंच सांगा. आहे तेच चांगलं आहे.”

“तेवढंच सांगतो,” खेळ्या म्हणाला आणि चावडीवर गेला.

पहिल्या दिवशी तो खरंच तेवढंच बोलला. ‘लाकडाचा उंट आहे, हात लावला की मान वाकवतो,’ म्हणाला. एक गाठ मारली. लोकांनी माना डोलावल्या. पण मागून कुणीतरी विचारलं, “मान वाकवतो, मग बोलत नाही होय?”

झालं. खेळ्याला बोलणारा उंट दिसला. “बोलतो तर. तुमचं नाव लक्षात ठेवतो. पुढच्या वर्षी आलात की नावानं हाक मारील. झालंच समजा.” दुसरी गाठ.

मग काय विचारता. दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी खेळ्या चावडीवर आणि दोराला गाठी. आतली झाडं तुमच्यासोबत वाढतील. आत पाऊस पडेल आणि तुम्ही भिजणार नाही. प्रत्येकाला वेगळा शेवट मिळेल. तट्ट्यांच्या मागे कापडावर गोजराने एक निळा डोंगर रंगवला होता. खेळ्या त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाला, “तो डोंगर दिसतोय ना? त्याच्या टोकापर्यंत जाता येईल. झालंच समजा.” लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या, की खेळ्याने ती गाठ जोर लावून करकचून आवळली.

तो दोर घंटेची राखण करणाऱ्या म्हातारीच्या टोपलीत असे. सगळे तिला घंटाआजी म्हणत. गाठींमुळे वेटोळं फुगत चाललं होतं. टोपली भरली. “दोर वाढला बघा यंदा,” खेळ्या कौतुकाने म्हणाला. घंटाआजीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि टोपलीवर झाकण ठेवलं.

गोजराच्या कानावर सगळं येत होतं. एके दिवशी तिने रंधा खाली ठेवला. “तुम्ही बोलता आणि लोक टाळ्या देतात. मग मला वाटतं, उंटाला बोलता करू की दारं बसवू. काही सुचत नाही हो. अर्धा दिवस मी नुसती बसून राहते.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. खेळ्याला वाईट वाटलं. त्याने तिला दिलासा दिला, “होईल सगळं. झालंच समज.” आणि हे आपण काय बोललो, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

जत्रेचा दिवस उजाडला. माणसं लोटली. कुणी डोंगरापलीकडून आलं होतं, कुणी आजारी आईला गाडीत घालून आणलं होतं, तिला आतला पाऊस दाखवायचा होता. घंटाआजीने टोपली उघडली, दोघा गड्यांनी शिडीवर चढून दोर घंटेला बांधला आणि खाली सोडला.

दोर खाली आलाच नाही. गाठींनी तो इतका आखडला होता, की त्याचं टोक उंचापुऱ्या माणसाच्या हातालाही लागेना. लहानात लहान पोर होती तानी. ती पुढे आली, तिने हात वर केले, टाचा उंचावल्या आणि मग मागे वळून आईकडे पाहिलं.

 पण खेळ्या हार मानणारा नव्हता. त्याने तानीला उचलून खांद्यावर घेतलं. घंटाआजी म्हणाली, “पोराचे पाय जमिनीवर हवेत.” त्याने दगड रचले. “दगड म्हणजे जमीन नव्हे.” त्याने दोराला खालून दुसरा दोर जोडायला काढला. आजी म्हणाली, “तो तुझ्या बोलाचा दोर नाही, खेळ्या. याच दोरानं घंटा वाजायची.”

सूर्य कलायला लागला होता. होळीसाठी लाकडं गोळा करणारी पोरं कुऱ्हाडी घेऊन कुंपणापाशी येऊन उभी राहिली. गोजराने त्यांच्याकडे पाहिलं. मग ती नवऱ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “मी वर्षभर केलेलं कुणी बघणार आहे, की उद्या जळणार आहे?”

एवढा वेळ खेळ्याला आपली फजिती दिसत होती. आता त्याला उंटाची वाकलेली मान जळताना दिसली. त्याला जे दिसायचं ते खरंच वाटायचं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तो घाबरला. त्याने शिडी ओढली आणि दोराशी जाऊन पोहोचला.

सगळ्यात खालची गाठ डोंगराची होती. तीच करकचून आवळलेली. नखं दुखावली, बोटं सोलली, तेव्हा कुठे ती सैल झाली. खेळ्याने घसा खाकरला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला शब्द सापडत नव्हते.

“डोंगर कापडाचा आहे,” तो म्हणाला. “त्यावर जाता येत नाही. हे माझ्या खेळात नाही. अजून नाही झालं.”

 गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “गाठसोड्या.” बाकीच्यांनी तो शब्द उचलला. डोंगरापलीकडून आलेला माणूस म्हणाला, “आम्ही त्या डोंगरासाठी आलो होतो.”

“चुकलं माझं,” खेळ्या म्हणाला. काहीजण पाठ फिरवून निघून गेले. त्याने दुसरी गाठ धरली.

“आत पाऊस पडत नाही. अजून नाही झालं.” आजारी आईला घेऊन आलेल्या माणसाकडे त्याला बघवेना. त्याने मान खाली घातली आणि पुढची गाठ सोडली. झाडं वाढत नाहीत. शेवट एकच आहे. दोर एकेक गाठीगणिक खाली येत होता, आणि गंमत म्हणजे निघालेल्यांतले काहीजण थबकले. असा माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता.

मग एका गाठीशी खेळ्याचा हात थांबला. ही विहिरीची होती. विहिरीत हाक मारली की उत्तर दुसरीकडून येतं, असं तो कधीतरी बोलला होता. पण हे गोजराने केलंय की नाही? त्याला आठवेना.  आपण या खेळात एकदाही आत पाऊल टाकलेलं नाही, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं. वर्षभर तो खेळाबद्दल बोलला होता आणि खेळ त्याने पाहिलाच नव्हता.

त्याने खाली वाकून सगळ्यांदेखत विचारलं, “गोजरा, ही आहे का गं?”

गोजराने शिडी धरली होती. “आहे,” ती म्हणाली. “राहू दे ती.”

लोक हसले, पण ते हसणं कुत्सित नव्हतं. यानंतर खेळ्या एकेका गाठीला हात लावी, विचारी, आणि गोजरा खालून सांगे, “नाही,” “नाही,” “आहे, राहू दे.” थोड्या वेळाने गर्दीही तिच्याबरोबर म्हणू लागली. बोलणाऱ्या उंटाची गाठ आली, तेव्हा सगळेच एकदम म्हणाले, “नाही.” खेळ्यालाही हसू आलं. रडूही आलं. त्याने ते लपवलं नाही.

शेवटी तीन गाठी राहिल्या. उंटाची मान, फिरणारी दारं आणि विहीर. दोराचं टोक तानीच्या हाताशी आलं. तिने दोन्ही हातांनी तो ओढला आणि घंटा वाजली. सूर्य अजून डोंगराच्या वर होता. कुऱ्हाडवाली पोरं कुऱ्हाडी टाकून सगळ्यांच्या आधी आत पळाली.

काय खेळले लोक. पाठीमागचं दार फिरून बंद व्हायचं आणि आलेली वाट नाहीशी व्हायची, की आतून किंचाळ्या आणि हशा. उंटाने मान वाकवली, तर आजारी आईने त्याच्या नाकावरून हात फिरवला आणि ती किती तरी वेळ तिथेच उभी राहिली. सगळ्यांत शेवटी खेळ्या आत गेला. विहिरीत वाकून त्याने हाक मारली, “गोजरा.” आणि पार दुसऱ्या टोकाकडून त्याचाच आवाज आला, “गोजरा.”

शेवटच्या वळणावर त्याला एक गोष्ट दिसली, जिची गाठ कुणीच मारली नव्हती. कापडावर रंगवलेल्या डोंगरात गोजराने एक छोटी खिडकी कापली होती. तिच्यातून खरा डोंगर दिसत होता, मावळतीच्या उजेडात. खिडकीपाशी पोरांची झुंबड उडाली होती. हे कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून त्यांना दुप्पट आनंद झाला होता.

“मला का नाही सांगितलंस?” खेळ्याने विचारलं.

“सांगितलं असतं, तर तुम्ही तिच्यातून समुद्र दाखवला असता,” गोजरा म्हणाली.

पुढच्या वर्षी खेळ्या चावडीवर दिसेना. लोक कोड्यात पडले. तो कोयता घेऊन डोंगरावर झुडपं तोडत होता. खिडकीच्या जागी त्याने दार केलं आणि त्या दारातून थेट खऱ्या डोंगराच्या टोकापर्यंत पायवाट काढली. आधी गोजराला घेऊन तो ती चढून आला. मगच चावडीवर गेला, दोराला एकच गाठ मारली आणि म्हणाला, “डोंगरावर जाता येतं. झालंय.”

त्या वर्षी जेवढी माणसं आली तेवढी पूर्वी कधी आली नव्हती, आणि डोंगरापलीकडून आलेला तो माणूस सगळ्यांच्या पुढे होता. दोर इतका लांब राहिला, की रांगणारं पोरसुद्धा तो ओढू शकलं असतं.

‘गाठसोड्या’ हा शब्द त्या गावात अजून आहे. फक्त आता तो शिवी म्हणून वापरत नाहीत. एखाद्यावर डोळे मिटून भरवसा ठेवावा असं सांगायचं असलं, की म्हणतात, “त्याच्याकडे जा, तो गाठसोड्या आहे.”

तात्पर्य: जे झालं आहे तेवढंच सांगावं, आणि जे झालं नाही त्याला ‘अजून नाही’ म्हणण्याची लाज धरू नये.