आंबेदऱ्याची कोंबडी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते मध्येच विचारू नका. मला ठाऊक नाही, आणि जिनं मला सांगितली तिलाही ठाऊक नव्हतं. एवढंच धरून चाला, की तेव्हा घोंगडधारेला यायला नुसती पाऊलवाट होती, आणि पौषात ती पाऊलवाटसुद्धा दहिवरानं पांढरी पडायची. डोंगराच्या अगदी कडेला वसलेली वाडी. वारा आधी आमच्याकडे यायचा, मग खाली बाकीच्या जगात जायचा.

या वाडीत एक रीत होती. लग्न होऊन नवी सून यायची ती काखेत डालगं घेऊन. डालग्यात माहेरची एक कोंबडी. बाकी लुगडी, भांडी मिळोत न मिळोत, कोंबडी हवीच. तिची पिल्लं, पिल्लांची पिल्लं, सगळ्यांना त्या बाईच्या माहेराचं नाव. ही शिरसवाडीची, ती माळेची, असं बोलायचे. सासरी सगळं सासरचं, पण खुराड्यात जे काही असेल ते बाईच्या माहेरचं. तिथं नवऱ्यानंही विचारल्याशिवाय हात घालायचा नाही.

गवरा आली ती आंबेदऱ्याहून. तांबूस अंगाची, काळ्या शेपटीची कोंबडी घेऊन आली. लहानूची बायको म्हणून वाडीनं तिला पाहिलं आणि पहिल्याच दिवशी ओळखलं, की या पोरीच्या पायाला भिंगरी आहे. बसायची नाही. जेवताना उठायची, दळताना उठायची, उगाच दारात जाऊन बघून यायची. सासू म्हणायची, "गवरे, बूड टेक की जरा." गवरा टेकायची, आणि सासूनं तोंड फिरवलं की पुन्हा उठायची.

लग्नाला तीन वर्षं झाली आणि आंबेदऱ्यात पटकीची साथ आली. ती साथ कशी येते आणि काय करून जाते, ते सांगत बसत नाही. लहान लेकरं ऐकतायत. आठवड्याभरात आंबेदऱ्याच्या घरांतून धूर निघायचा थांबला. जे थोडे जगले ते कुठं पांगले कुणाला कळलं नाही. गवरा धावत गेली, वेशीवरून परत आली. आई नाही, बाप नाही, भाऊ नाही, हाक मारावी असं दार नाही. त्या दिवसापासून तिच्या खुराड्यातल्या अकरा तांबड्या कोंबड्या म्हणजेच आंबेदरा. बाकी आंबेदरा पृथ्वीवर उरला नाही.

आता सांगा, ती बाई स्वस्थ कशी बसणार?

त्याच वर्षी थंडी पडली. असं म्हणतात, की तशी थंडी त्याआधी कुणी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. सकाळी रांजणातल्या पाण्यावर साय धरावी तसा बर्फ धरायचा. वालाच्या शेंगा वेलावरच काळ्या पडल्या. कोंबड्यांचे तुरे टोकाशी जांभळे झाले. गवराच्या जिवाला घोर लागला. दिवसातून दहादा खुराड्यात हात घालून बघायची, कोण थरथरतंय, कोण गोळा होऊन बसलंय. मग एका दुपारी तिनं ठरवलं, की वाऱ्याला आत येऊच द्यायचं नाही. शेणमाती कालवली आणि कुडाचं खुराडं चहूबाजूंनी लिंपलं. एक थर दिला, वर दुसरा दिला. वळचणीखालची फट चिंध्या कोंबून बुजवली. दाराच्या कडांना ओलं शेण लावलं. आणि सांजेला कोंबड्या आत गेल्यावर एका गाडग्यात निखारे घालून ते गाडगं आत ठेवलं. त्या सांजेला ती पहिल्यांदा निवांत जेवली. सासूला नवल वाटलं.

उजाडताच तिनं दार ओढलं. आतून ओली, कोंदट वाफ तोंडावर आली. वरून थेंब गळत होते. दहा कोंबड्या जिथल्या तिथं आडव्या होत्या, जणू झोपल्यात. अंगाला ना जखम, ना ओरखडा. एकच जिवंत होती. कोपऱ्यात उंदरानं पोखरलेलं एक बीळ लिंपताना राहून गेलं होतं, आणि ती त्या बिळाला चोच लावून बसली होती.

गवरा रडली नाही, असं म्हणतात. मला ते खरं वाटत नाही. रडली असणार, पण उभ्यानं, हातात ती कोंबडी धरून, येरझारा घालत. लहानू म्हणाला, "थंडीनं गेल्या गं. तू काय करणार?" तर ती म्हणाली, "थंडीनं नाही गेल्या. मी मारल्या. त्यांना वारा हवा होता आणि मी मायेनं तोंड दाबलं."

आणि मग तिनं मान वर करून वाडीकडे पाहिलं. घरोघर खुराडी लिंपून झाली होती. तिच्यासारखीच. घरोघर गाडगी तयार होती.

इथून पुढं गवरा जी उठली ती बसलीच नाही. पदर खोचला आणि पहिल्या घरापासून सुरुवात केली. मूठ आवळायची आणि ओल्या लिंपणात वरच्या बाजूला भसकन घालायची. मुठीएवढं भोक. निखाऱ्याचं गाडगं दिसलं की उचलून अंगणात उपडं. "ऊब निखाऱ्याची नको, दाण्याची द्या," म्हणायची. "सांजेला निजायच्या आधी मूठभर नाचणी पोटात गेली, की अंगातली शेगडी पहाटेपर्यंत पुरते." खाली भाताचं तूस अंथरायला सांगायची, ओलं झालं की बदलायला सांगायची. तुऱ्यांना करंजेल चोळायची. सकाळी पाणी कोमट करून ठेवायला लावायची. आणि हे सगळं सांगताना एका जागी उभी राहायची नाही, बोलत बोलत पुढच्या घरी.

लोकांनी काय म्हणावं? तुम्ही काय म्हटलं असतं? कालच जिच्या दहा कोंबड्या मेल्या ती बाई आज आपल्या भिंतीला भोकं पाडते. काही हसल्या. काही भांडल्या. सगळ्यांत जास्त भांडली ती येसाबाई.

येसाबाई शेजारच्या घरची. म्हातारी, एकटी, जिभेनं तिखट. तिला वाडीत येऊन पन्नास वर्षं झाली होती आणि तिच्याकडे माहेरच्या वाणाची एकच कोंबडी उरली होती, पांढरी, गळ्याशी पिसं नसलेली. गवरानं भोक पाडलं की येसाबाई बुजवायची. पुन्हा पाडलं की पुन्हा बुजवायची. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी गवरा चिडली. रागाच्या भरात हात खाली बसला, आणि भोक वर पडायचं ते कोंबडीच्या पाठीच्या उंचीला पडलं. ओल्या मातीचं मोठं ढेकूळही निघालं. गवरानं ते पाहिलं. नीट करावं असं तिच्या मनात आलंही. पण पुढं तीन घरं राहिली होती, आणि पाय थांबेनात.

पहाटे रानबोका आला. सकाळी येसाबाईच्या अंगणात पांढरी पिसं दहिवरात चिकटून बसली होती.

सगळी वाडी जमली. गवराला वाटलं, म्हातारी आता शिव्यांची लाखोली वाहील. त्या खायला ती पुढं झालीसुद्धा. पण येसाबाई उंबऱ्यावर बसून राहिली. एवढंच म्हणाली, "माझ्या आईनं दिली होती गं तिची पणजी. तुझ्या भोकातून माझं माहेर गेलं."

हे ऐकून गवराच्या काळजात जे झालं ते मी सांगायला नको. माहेर जाणं म्हणजे काय, ते त्या वाडीत तिच्याइतकं कुणाला कळत होतं?

लोक म्हणाले, बुजवा सगळी भोकं. गवरा म्हणाली, "बुजवू नका. चूक भोकाची नाही, माझ्या हाताची आहे. दोन दिवस द्या." आणि ती डोंगरावर गेली. करवंदीचे काटे तोडून आणले, हात रक्ताळले. प्रत्येक घरी भोक वर, कोंबड्यांच्या डोक्याच्या वर आणि वळचणीच्या खाली आहे का, ते पाहिलं. नसेल तिथं बुजवून नवं पाडलं. प्रत्येक भोकावर काट्यांची जाळी बसवली, अशी की वारा जाईल पण पंजा जाणार नाही. रानबोका आला, हुंगून गेला. असं म्हणतात, की त्यानं काट्यात अडकलेलं गवराच्या लुगड्याचं सूत हुंगलं आणि त्यानंतर वाडीची वाटच सोडली.

दुसऱ्या दिवशी सांज व्हायला आली तशी थंडी आणखी चढली. झाडावरची पाखरं मुकी झाली. म्हातारी माणसं म्हणाली, आजची सांज वाईट आहे. गवरानं घरातली नाचणी भाजली, ओटीत घेतली. तांबडी कोंबडी डालग्यात घातली आणि डालगं काखेला मारलं, लग्नाच्या दिवशी मारलं होतं तसंच. लहानू दारात आला. "अगं, कुठं निघालीस? आजच्या दिवस तरी घरात थांब."

"बसवत नाही हो," गवरा म्हणाली. "घरोघरी दाणा पडला का, ते बघून येते."

पहिलं घर येसाबाईचं. म्हातारी आत चुलीपाशी होती, तिनं काही मान वर केली नाही. गवरानं तिच्या रिकाम्या खुराड्यात तूस अंथरलं. वरचं भोक तपासलं. मग डालगं उघडलं. असं म्हणतात, की ती तिथं थांबली. घोंगडधारेत आल्यापासून गवरा एका जागी थांबलेली कुणी पाहिली ती तेवढीच. कोंबडी छातीशी धरून कितीतरी वेळ उभी राहिली. तिच्या कानात आपल्या गावाचं नाव सांगितलं. आणि पृथ्वीवरचा उरलासुरला आंबेदरा येसाबाईच्या खुराड्यात सोडून तिनं दार लावलं.

मग पुढचं घर, त्याच्या पुढचं. प्रत्येक खुराड्यापाशी मूठभर नाचणी. ओटी होती केवढी आणि घरं होती किती. तरी दाणे सरले नाहीत. "ती, ती, ती" अशी कोंबड्यांना मारलेली तिची हाक वाडीच्या या टोकापासून त्या टोकाला जाताना सगळ्यांनी ऐकली. शेवटच्या घराच्या पुढंही ऐकली. पुढं तर नुसती डोंगराची धार, आणि धारेपलीकडे आंबेदऱ्याची वाट.

गवरा परत आली नाही.

लहानूनं शोधलं, वाडीनं शोधलं. सकाळी सगळी वाडी दहिवरानं पांढरी झाली होती, आणि त्या पांढऱ्यात तेवढी पावलं ओली, काळी होती. पाऊल पडलं तिथलं दहिवर विरघळलेलं. दारोदार गेलेली पावलं, मग धारेवर चढलेली, मग नाहीत. त्या दिवशी घोंगडधारेत एकही कोंबडी मेली नव्हती. खालच्या गावांत खुराडीच्या खुराडी गेली, इथं एक नाही.

येसाबाईनं आपलं खुराडं उघडलं तेव्हा तांबडी कोंबडी तुसावर बसून होती, आणि तिच्या पोटाखाली एक अंडं होतं, गरम. म्हातारी तिथंच खाली बसली आणि हंबरडा फोडून रडली. मग उठली, काठी घेतली आणि घरोघर निघाली, भोकं उघडी आहेत का बघायला. सांजेला दाणे घेऊन पुन्हा निघाली. पन्नास वर्षांत जी कुणाच्या उंबऱ्याला गेली नव्हती ती.

माघ सरता सरता कोंबडी खुडूक बसली. पिल्लं निघाली. येसाबाईनं ती जगवली, वाढवली आणि एकेका घरी एकेक दिली. देताना म्हणायची, "ही माझी नाही हो. आंबेदऱ्याची आहे. नाव बदलायचं नाही." लहानूच्या दारात मात्र दोन सोडल्या. तो त्यांना दाणे टाकायचा आणि धारेकडे बघत बसायचा. बिचारा.

आजही आमच्याकडे पौष लागायच्या आधी खुराडी लिंपतात. लिंपण ओलं असताना घरातल्या सगळ्यांत नव्या सुनेला बोलावतात. ती मूठ आवळते, वळचणीखाली घालते आणि भोक पाडते. त्या भोकाला गवराची मूठ म्हणतात. सासू बाजूला उभी राहून बघते, की हात खाली तर बसला नाही ना. मग सून त्या भोकाला तोंड लावून आपल्या माहेराचं नाव आत सांगते आणि वर करवंदीचा काटा बसवते. सांजेला पहिली मूठ नाचणी टाकताना सगळ्या बाया जरा थांबतात. चुलीवर काही उतू जात असलं तरी थांबतात.

आता नव्या सुना कोंबडी आणत नाहीत. कोण आणतंय एसटीतून? पण कोंबड्या आहेत, तांबूस अंगाच्या, काळ्या शेपटीच्या, घरोघर. तुम्ही कधी आलात आणि कुणाला विचारलंत, ही कुठली, तर शेंबडं पोरही सांगेल. धारेपलीकडे आता नुसतं रान आहे, एका घराचा पायासुद्धा सापडत नाही. पण दिवस मावळला की आमच्या वाडीत दारोदार बाया अजून हाका मारतात, आणि सगळा आंबेदरा पळत पळत घरी येतो.