दाराबाहेरची दाद

उदाजीराजे गायला बसले की गोठ्यातल्या म्हशी दावी तोडून पळायच्या. शेवटी राणीसाहेबांनी सखाराम सुताराकडून राजांच्या गाण्यासाठी खास खोली करून घेतली. दाराच्या दुहेरी फळ्यांमध्ये कापूस ठासला, भुईवर पेंढ्याचा जाड थर देऊन वर घोंगड्या अंथरल्या. दार लावलं की आतला आवाज आतच.

राजे खूश झाले. म्हणाले, "आता माझं गाणं कुणाला फुकट ऐकायला मिळायचं नाही! पण एक सूर जरी बाहेर आला, तर सुताराला कोठडीत टाकीन."

पहिल्याच दिवशी ते पोटभर गाऊन घामाघूम होऊन बाहेर आले. दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन सुताराची बायको सारजा उभी होती. राणीसाहेबांची ती दासी.

"काय सारजे, कसं झालं गाणं?"

सारजाने मनात हिशेब केला. छान झालं म्हणावं, तर ते बाहेर ऐकू आलं असं ठरून नवरा कोठडीत. ऐकूच आलं नाही म्हणावं, तर राजांचा अपमान, म्हणजे आपण कोठडीत. तिने हात जोडले.

"सरकार, देवाशपथ सांगते, असं गाणं मी उभ्या जन्मात ऐकलं नाही!"

राजांची छाती फुगली. पलीकडे निकालाची वाट पाहत उभ्या सखारामाचा जीव भांड्यात पडला. राणीसाहेब खांबाआड तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

"एवढं आवडलं?" राजे म्हणाले. "मग उद्यापासून तू आत बसून ऐकायचं!"

"नको सरकार!" सारजा घाईघाईने म्हणाली. "बाहेर उभी होते, म्हणून तर एवढं आवडलं!"