कोलोनचा जोडपाव

जर्मनीतल्या कोलोन शहरात आलेला पाहुणा स्टेशनाबाहेर पाऊल टाकतो आणि मान वर करतो. समोर दोन काळ्या मनोऱ्यांचे थोरले चर्च उभे असते, पलीकडे ऱ्हाइन नदी आणि तिच्यावरचा लोखंडी पूल. हे सगळे दाखवून झाले की आग्नेस नावाच्या म्हाताऱ्या वाटाड्या बाई पाहुण्यांना एका गल्लीतल्या बेकरीत नेतात आणि हातावर राय धान्याचा काळसर पाव ठेवतात. तो एक नसतो. दोन पाव कडेला एकमेकांना चिकटलेले असतात.

"चर्च पाहिलंत," त्या म्हणतात, "आता ह्याचं ऐका."

फार पूर्वी, चर्चच्या भिंती नुकत्या जमिनीतून वर येत होत्या तेव्हा, या गल्लीत थोरला टिलमान आणि धाकटा गोडर्ट हे दोन भाऊ पाव भाजत, असे सांगतात. भट्टी एक, पीठ एक, बापाने शिकवलेली रीत एक. तरी गिऱ्हाईक दारात येई आणि विचारी, "टिलमानचा आहे का?" नसला तरच गोडर्टचा घेई. धाकट्याच्या पोटात जी आग पडे, तशी भट्टीतही नसे. थोरला दुष्ट असता तर बरे झाले असते. पण तो कधी कधी आपले पाव लपवून धाकट्याचे पुढे करी, आणि गोडर्टला त्याचाच जास्त राग येई.

चर्चवरच्या पाथरवटांना रोज पाव लागे. मुकादमाने निरोप धाडला की दोघांनी एकेक घाणा भाजावा. ज्याचा उजवा ठरेल, त्याचाच पाव कायमचा घेऊ.

पाव भट्टीत गेले, त्याच सकाळी पीठही आणायचे होते. नदीत साखळदंडांनी बांधलेल्या होड्यांवर तेव्हा पिठाच्या गिरण्या चालत. पाळी गोडर्टची होती.

"पाय दुखतोय," तो म्हणाला. "तू जा. भट्टी मी बघतो."

"काल जत्रेत नाचताना बरा दुखत नव्हता," टिलमान हसला आणि पोती खांद्यावर टाकून निघाला.

त्याची पाठ वळताच गोडर्टने लांब फळीने आपला एकेक पाव सारून थोरल्याच्या पावाला भिडवला. भिडलेल्या कडेला आच लागत नाही, ती पांढरी राहते. थोरल्याचे पाव मुकादमापुढे कच्चे ठरणार होते. आपलीही कड तशीच राहील, एवढे साधे भट्टीवाल्याच्या पोराला त्या घटकेला सुचले नाही.

पाव बाहेर काढतो न काढतो तोच नदीकडून ओरडा आला. पुराच्या लोंढ्याने साखळी तुटली होती आणि गिरणी टिलमानसकट वाहून गेली होती. त्याचे प्रेतही मिळाले नाही.

दुसऱ्या दिवशी मुकादम आला तेव्हा जोडलेले पाव तसेच फळीवर होते.

"ह्यातला टिलमानचा कुठला?"

गोडर्ट आदल्या दिवसापासून तेच शोधत होता. थोरला पावाच्या कडेला अंगठा दाबून खूण करी. नेमकी तीच कड चिकटून बुजली होती. त्याने एक जोडी उकलून पाहिली. दोन्हीकडे सारखेच मऊ, सारखेच फिके.

"नाही सांगता येत," तो म्हणाला. "दोन्ही न्या."

मुकादमाने दोन्ही नेले, आणि पाथरवटांनी म्हणे पुन्हा तेच मागितले. गोडर्ट मरेपर्यंत तसाच पाव भाजत राहिला. एक आपल्या हाताने वळी, दुसरा थोरल्याच्या ढबीने. मत्सर मात्र गेला नाही. कुणी तारीफ केली की तो पटकन विचारी, "कुठल्या बाजूचा?" उत्तर थोरल्याकडे गेले तर आत जाऊन रडे. स्वतःकडे आले, तरी आत जाऊन रडे. शेवटी गल्लीतल्या लोकांनी उत्तर देणेच सोडले.

आजही इथे हा पाव जोडीनेच मिळतो. या गल्लीत तो उकलून एक भाग शेजारच्याला देतात, दोघेही खातात, आणि कुठला बरा लागला हे कुणी सांगत नाही.