चौऱ्याण्णव

"म्हणजे यंत्र चुकलं नाही, असंच ना सर?"

कौस्तुभनं लॅपटॉप पुढे सरकवला. डॉक्टर घोलपांनी त्याला सहा वर्षं शिकवलं होतं. निवृत्तीनंतर ते इस्पितळामागच्या दोन खोल्यांत राहत. शिष्य मात्र शहरात जाऊन मोठा झाला होता, आणि ते मोठेपण त्याच्या प्रत्येक वाक्यात ऐकू येत होतं.

"किती... नोंदी?"

"अकरा हजार! रुग्णाच्या बोटावरच्या चिमट्यानं दाखवलेला ऑक्सिजन, आणि त्याच वेळी धमनीतलं रक्त काढून मोजलेला. सरासरी फरक जेमतेम एक टक्का." त्यानं खिशातला चिमटा काढून सरांच्या काळ्या, सुरकुतलेल्या बोटाला लावलासुद्धा. "बघा, चौऱ्याण्णव. या वयात झकास!"

सरांनी बोट तसंच राहू दिलं.

"हौसाबाई... यात आहे?"

कौस्तुभनं लॅपटॉप अर्धवट मिटला.

हौसाबाई खाणीवर दगड फोडायची. महिन्यापूर्वी धाप लागली म्हणून त्याच्याकडे आली. चिमट्यानं पंच्याण्णव दाखवले, त्यानं तिला घरी पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. उद्या त्याची चौकशी होती. लॅपटॉपमधल्या या अहवालाखाली घोलप सरांची सही असली की कुणी ब्र काढणार नव्हतं. तो आला होता तो एवढ्यासाठीच, विज्ञानाच्या प्रेमानं नाही.

"नाही. तिचं धमनीतलं रक्त काढलंच नव्हतं."

"का?"

"आकडा चांगला होता. शंका आल्याशिवाय कोण सुई टोचतं, सर?"

"मग हे अकरा हजार..."

"ज्यांची शंका आली ते."

बोलून गेला आणि त्याचा चेहरा उतरला. हुशारच होता तो, फोड करून सांगावी लागली नाही.

काळ्या बोटांवर चिमट्यानं ज्यांचा आकडा खोटाच चांगला दाखवला, त्यांचं रक्त कुणी काढलंच नव्हतं.

"तिची जीभ... कशी होती?"

"नोंदीत नाही."

"नोंदीचं... नाही विचारलं."

सर पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवत. धाप लागलेला माणूस आला की त्याला खिडकीपाशी न्यायचं आणि उजेडात जीभ पाहायची. कातडी काळी असो की गोरी, ऑक्सिजन कमी पडला की जीभ निळी पडते. पोरं मागून हसायची. हसण्यात कौस्तुभ सगळ्यांच्या पुढे.

"नाही पाहिली," तो म्हणाला. "बाहेर चाळीस माणसं बसली होती. ती म्हणत होती, डाक्टर, छातीत हवाच जाईना. मी तिला आकडा दाखवला. म्हटलं, मावशी, यंत्र खोटं बोलत नाही... तिनं हात जोडले, सर. तिला पटलं."

मग तो रडला. चांगला मोठ्यानं रडला.

"काहीतरी सांगा, सर. चूक यंत्राची की माझी, एवढं तरी सांगा."

सर भिंतीला धरून उठले. खिडकी चार पावलांवर होती. वाटेत ते दोनदा थांबले. खिडकीतल्या खुर्चीवर बसून त्यांनी तोंड उजेडाकडे केलं आणि जीभ बाहेर काढली.

कौस्तुभ वाकला आणि तसाच थिजला.

जांभळं खाल्ल्यासारखी जीभ होती. तो तासभर त्यांच्यासमोर बसला होता. त्यांचं प्रत्येक वाक्य मध्येच तुटत होतं, आणि त्याला ते एकदाही ऐकू आलं नव्हतं.

"सर! कधीपासून हे... उठा, आधी ऑक्सिजन लावू, आत्ताच्या आत्ता रक्त काढू..."

सरांनी चिमटा लावलेलं बोट त्याच्यासमोर धरलं.

"किती?"

कौस्तुभ त्यांना उठवायला पुढे झाला.

"वाच."

"चौऱ्याण्णव."

"मग लिही... मी बरा आहे."