पाटावर बसवलेलं यंत्र

एका पठारावर एक गाव होतं आणि त्या गावाला ऋतू दोनच माहीत होते. एक भाजणारा आणि एक गोठवणारा. मध्ये थोडे दिवस हवा माणसासारखी वागायची, पण तेवढ्यासाठी तिला ऋतू कोण म्हणणार?

उन्हाळ्यात लोक दाराखिडक्यांना वाळ्याचे पडदे लावत आणि ते दिवसभर भिजवत. हिवाळ्यात पितळेच्या मोठ्या शेगडीत बाभळीचे कोळसे पेटवत. अशी शेगडी प्रत्येक घरात होती. पडदे भिजवायला आणि शेगडी फुंकायला प्रत्येक घरात एक सूनही होती.

अशाच एका घरात नवी सून आली. ती फार बोलत नसे. बोलत नाही म्हणजे तिला काही म्हणायचंच नसतं, असं घरच्यांनी धरलं होतं आणि सगळे समाधानात होते.

आश्विनात, हवा शहाण्यासारखी वागत असताना, एक व्यापारी बैलगाड्या घेऊन गावात आला. गाड्यांवर पत्र्याच्या चौकोनी पेट्या होत्या. "ह्याचं नाव सदावसंत यंत्र," तो म्हणाला. "उन्हाळ्यात घर गार, हिवाळ्यात गरम. भाव अगदी थोडा. त्यातही घरातली जुनी शेगडी मला दिलीत तर आणखी कमी."

त्यानं चावडीच्या खोलीत एक यंत्र चालू केलं. लोक आत जात आणि बाहेर येऊन म्हणत, "काय बरं वाटलं हो." सूनही जाऊन आली. आत खरंच बरं वाटत होतं. बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं, बाहेरही तेवढंच बरं वाटतंय. ती काही बोलली नाही.

तिच्या सासऱ्यांनी मात्र चावडीवरच शब्द देऊन टाकला. ते तापट होते, पण वाईट नव्हते. त्यांची लेक पौषात बाळंत व्हायची होती. तिचं पहिलं मूल सासरी थंडीनं दगावलं होतं, म्हणून या खेपेला ते तिला माहेरी आणणार होते. नातवंडाच्या खोलीत थंडीचा वाराही शिरू द्यायचा नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी व्यापारी यंत्र घेऊन दारात आला. मागोमाग अर्धी आळी आली, कारण दुसऱ्याच्या घरात नवी वस्तू शिरताना बघायला पैसे पडत नाहीत.

"सूनबाई, शेगडी बाहेर काढ," सासरे म्हणाले.

सून आत गेली आणि पाट घेऊन बाहेर आली. तिनं तो ओसरीवर मांडला, भोवती रांगोळीची एक रेघ ओढली आणि व्यापाऱ्याला म्हणाली, "ह्याला इथं बसवा."

"पूजा करणार वाटतं," शेजारच्या काकू म्हणाल्या.

"नाही. बघायचा कार्यक्रम करू. पोहे केलेत मी. त्याला येत नसतील."

कुणीतरी फिसकन हसलं. सासऱ्यांच्या कपाळाला आठी पडली. "हा काय पोरखेळ आहे?"

"मामंजी, मला बघायला आलात तेव्हा मला चालून दाखवायला लावलंत," सून म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, त्यामुळे ऐकायला सगळ्यांना गप्प बसावं लागलं. "सुई ओवायला लावलीत. बहिरी आहे का बघायला मागून हाक मारलीत. जन्मभर घरात राहणार म्हणून विचारलंत, त्याचं मला काही नाही. पण हेही राहणार आहे ना?"

"तुझ्याच सुखासाठी आणतोय ते. पडदे भिजवते कोण? शेगडी फुंकते कोण?"

"मीच. म्हणून तर मला ते सगळ्यांत जास्त हवंय. आणि हवंय म्हणूनच विचारते."

व्यापारी हसला. नव्या नवरीच्या प्रश्नांना काय भ्यायचं? "विचारा वहिनी, खुशाल विचारा."

"खाणं किती?"

"खाणं? थोडंसं तेल लागतं."

"थोडंसं म्हणजे पाहुणा खातो तेवढं, की घरचा माणूस खातो तेवढं?"

व्यापाऱ्यानं डोकं खाजवलं. "थंडी वाढली की जरा जास्त."

"म्हणजे जावयासारखं," गर्दीतला एक म्हातारा म्हणाला. त्याचा जावई शेजारीच उभा होता.

"स्वभावानं कसं आहे? बोलतं का फार?"

"घुं असा बारीक आवाज येतो. सवय होते."

"घोरतं म्हणा की. असू दे, त्याची सवय होते खरी." सुनेचा नवरा पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला. "बरं, ह्यानं पठारावरचा पौष कधी काढलाय?"

"या भागात तुम्हीच पहिले. मान आहे तुमचा."

"म्हणजे काढलेला नाही. आणि माहेर कुठं ह्याचं?"

"माहेर?"

"दुखलंखुपलं तर जाणार कुठं?"

"कारखाना आहे ना आमचा, दोन घाटांपलीकडे. निरोप धाडा, माणूस हजर."

"पौषात घाट बंद असतात."

"पौषात ते बिघडत नाही."

"ते तुम्हाला त्यानं सांगितलं का?"

व्यापाऱ्यानं मघाशी हातात आलेली पोह्यांची बशी खाली ठेवली. सुनेनं यंत्राला एक चक्कर मारली आणि मागच्या जाळीपाशी थांबली. "हे ऊब आणतं कुठून?"

इथं व्यापारी खुलला, कारण हे त्याला पाठ होतं. "बाहेरच्या हवेत ऊब असते वहिनी, आपल्याला कळत नाही एवढंच. ती ओढून हे घरात सोडतं. म्हणून तर स्वस्त."

"आणि बाहेरच ऊब नसली तर?"

"असं कसं? कुठंतरी असतेच की हो ऊब."

"तसं बघितलं तर कुठंतरी पाऊसही असतोच," सून म्हणाली. "असं करा, यंत्र ठेवून जा. पौष सरला की या, पैसे न्या, शेगडीही न्या. मी स्वतः घासून ठेवीन."

"तसं नाही जमत. आज घेतलं तर हा भाव. उद्या हा भाव नाही."

सून गर्दीकडे वळली. "मुलगी मागायला आलेला कुणी म्हणाला, आज हो म्हणा, उद्या मी दुसरी बघतो. तर द्याल का मुलगी?"

ज्यांच्या घरी मुली होत्या ते गप्प बसले, आणि मुली सगळ्यांच्याच घरी होत्या.

सासऱ्यांचा चेहरा लाल झाला होता. चारचौघांत दिलेला शब्द चारचौघांतच पातळ होत चालला होता. "पुरे झालं," ते म्हणाले. "मी शब्द दिलाय. शेगडी जाईल, नाहीतर तू माहेरी जाशील."

सुनेनं हातातला पदर खाली सोडला.

"मी जाते," ती म्हणाली. "शेगडी राहू द्या. पौषात वन्संना माझ्यापेक्षा तिचाच उपयोग जास्त आहे."

एवढा वेळ सासूबाई दाराच्या चौकटीला टेकून सगळं ऐकत होत्या. त्या पुढे आल्या, व्यापाऱ्याची बशी उचलून त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "पोहे गार होतायत. खा नि निघा. आणि तू गं, आत चल, दूध उतू जाईल."

चुलीवर दूध नव्हतंच. पण सून आत गेली, शेगडी आतच राहिली आणि व्यापारी पुढच्या घराच्या दाराकडे वळला.

पुढची दारं मात्र सगळी उघडी होती. काकूंनी यंत्र घेतलं, पलीकडच्यांनी घेतलं, गावानं घेतलं. पितळेच्या शेगड्या गाड्यांत चढल्या, पत्र्याच्या पेट्या घरांत उतरल्या आणि व्यापारी घाट उतरून गेला. शेगडी न देणाऱ्या सुनेला लोक 'पोहेवाली' म्हणू लागले. "मी बोलणारच होतो," नवरा तिला म्हणाला. "हो ना," ती म्हणाली.

आणि खोटं कशाला बोला, मार्गशीर्षभर यंत्रं छान चालली. काकूंच्या घरात मऊ ऊब असायची. सून शेगडी फुंकून खोकायची, डोळे लाल व्हायचे, आणि काकू खिडकीतून म्हणायच्या, "काय गं, पोहे करतेस वाटतं?" नणंद आली होती, तीही एकदा त्यांच्याकडे बसून आली. "वहिनी, किती सुखाचं आहे गं त्यांच्याकडे."

"आहे खरं," सून म्हणाली. तिलाही दिसत होतं. आपण चुकलो असलो तर नणंदेची ऊब आपल्याच हट्टापायी गेली, हेही तिला कळत होतं. ती रोज थोडे जास्त कोळसे आणून ठेवत राहिली.

मग पौष आला. त्या वर्षी तो दरवर्षीसारखाच आला, म्हणजे कुणाचीही गय न करता. विहिरीच्या कडेला बर्फ धरला. घाटाची वाट बंद झाली. यंत्रांच्या मागच्या जाळ्यांवर आधी दव बसलं, मग ते दव पांढरं आणि घट्ट झालं. यंत्रं घुं करत राहिली, तेल पीत राहिली आणि घरात गार वारा सोडू लागली. ओढायला बाहेर ऊब उरलीच नव्हती.

कुणी जाळीवर गरम पाणी ओतलं, ते तिथंच गोठलं. कुणी यंत्राला गोधडी पांघरली. एकानं नारळ फोडला.

त्याच दिवसांत एका सकाळी नणंदेच्या पोटात कळा सुरू झाल्या. सुनेनं झरोका उघडा ठेवून शेगडी पेटवली आणि दुपार टळेपर्यंत ती विझू दिली नाही. सुईण म्हणाली, गावात आज हात उघडे टाकून बसता येईल अशी ही एकच खोली. उन्हं कलायच्या आत मुलगी झाली आणि तिनं असा काही सूर लावला, की ओसरीवर बसलेल्या सासऱ्यांनी उपरण्यात तोंड लपवलं.

संध्याकाळी दारात काकू उभ्या होत्या. छातीशी गोधडीत गुंडाळलेला नातू, त्याचे ओठ निळसर. सुनेनं मूल घेतलं आणि शेगडीजवळ नेलं. काकूंच्या मागे आणखी माणसं होती.

"या, या," सासरे दारातून म्हणत होते. "आमच्याकडे शेगडी आहे. मी ठेवलीच होती."

सुनेनं आतून ऐकलं. "ठेवलीत खरी, मामंजी," ती म्हणाली. "आता येणाऱ्यांना सांगा, कोळसे आपापले आणा."

पौष सरेपर्यंत ती खोली गावाची झाली. म्हातारे आणि लेकरं आत, बाकीचे ओसरीवर आळीपाळीनं. कुणी पोह्यांचं नाव काढलं नाही.

फाल्गुनात हवा पुन्हा शहाणी झाली आणि व्यापारीही आला, गाड्यांत नवी यंत्रं घेऊन. गाव चावडीवर जमलं.

"यंदा थंडी जरा जास्तच पडली म्हणे," तो म्हणाला. "आता उन्हाळ्यात बघा, कसं गार वारं सोडेल."

"ते त्यानं पौषातच सोडलं," म्हातारा म्हणाला.

लोकांनी सुनेकडे पाहिलं. "तू विचार गं त्याला. तुला येतं विचारायला."

सून जागची उठली नाही. "मी का म्हणून?" ती म्हणाली. "मागे विचारलं तेव्हा मला पोहेवाली म्हणालात. यंत्रं तुमची, घरं तुमची. तोंड तुम्हालाही आहे."

विचारायचं म्हणजे आपण फसलो हे आधी कबूल करायचं, आणि तेच जड जात होतं. शेवटी काकू उठल्या. त्यांनी पदर खोचला.

"आमच्या शेगड्या कुठायत?"

"विकल्या काकू. पितळ होतं ते."

"बरं. आमच्यात नवी नवरी सासरी येते तेव्हा तिच्याबरोबर पाठराखीण येते. पोर रुळेपर्यंत सोबत राहते, काय हवं-नको बघते. ह्या तुझ्या यंत्राबरोबर कोण आलं होतं?"

"यंत्राबरोबर पाठराखीण?" व्यापारी हसायला लागला, पण त्याच्याबरोबर कुणीच हसलं नाही.

"कुणी आलं नव्हतं," काकू म्हणाल्या. "मग आता तूच राहा. पुढचा पौष सरेपर्यंत." आणि त्यांनी शांतपणे वाकून त्याच्या गाडीच्या चाकाची खीळ काढली आणि पदराच्या टोकाला बांधली. ते बघून दुसऱ्या गाडीची खीळ दुसऱ्या बाईनं काढली. तिसरीची तिसरीनं.

व्यापाऱ्यानं पाटलांकडे बघितलं. पाटलांच्या घरीही यंत्र होतं. पाटील आभाळाकडे बघत राहिले.

त्याला राहायला चावडीचीच खोली दिली, ज्यात आश्विनात सगळ्यांना बरं वाटलं होतं. जेवण घराघरातून जाई, चांगलं जाई. फक्त वाळ्याचा पडदा कुणी दिला नाही, आणि शेगडी तर गावात एकच उरली होती; गारव्याला आणि उबेला त्याचंच यंत्र. वैशाखात त्याच्या अंगाची लाही झाली तेव्हा त्यानं पहिल्यांदा यंत्र उघडून आतली पाती बदलली. श्रावणात त्यानं घाटापलीकडून चांगल्या तांब्याच्या नळ्या मागवल्या, स्वतःच्या खर्चानं. आणि आश्विनात, हवा इतकी छान असताना की कुणालाही कशाचीच आठवण होऊ नये, तो मागची जाळी खोलून रोज दिवसभर काम करत बसू लागला.

कारण येणारा पौष आता त्यालाही इथंच काढायचा होता.

ज्यांना तात्पर्य लागतं त्यांच्यासाठी तात्पर्य: चांगल्या हवेत सगळंच चालतं, म्हणून वस्तू तिच्या वाईटातल्या वाईट दिवसावरून पारखावी, आणि विकणाऱ्याला जो दिवस स्वतः काढायचा नाही, त्या दिवसाची त्यानं दिलेली हमी धरू नये.