चकचकीत कात्री

फार जुनी गोष्ट. तेव्हा अवजारांना तोंड होतं आणि ते बंद ठेवायची सवय नव्हती. डाळिंबाच्या एका बागेत छाटणीची कात्री होती, भारी नटवी. "कुणाची झिपरी कापू, कुणाची वेणी?" म्हणत ती या झाडावरून त्या झाडावर उड्या मारायची. झाडंही "आधी माझी, आधी माझी!" करत फांद्या पुढे करायची.

बांधावर औषधाच्या पाण्याची बादली बसलेली असे. ती दर झाडानंतर ओरडायची, "अगं, आधी आंघोळ!"

"झाडागणिक आंघोळ? मला काय झालंय? बघ, किती चकचकीत आहे मी!" गिरकी घेऊन कात्री पुढच्या झाडाकडे पळायची.

एका हंगामात कोपऱ्यातल्या झाडाच्या फांदीवर तेलकट काळे डाग होते. कात्रीने ती फांदी कचकन उडवली आणि तशीच नाचत पुढची ओळ उरकली. नवी पालवी फुटली, तसे त्याच ओळीत डाग उमटले, नेमके तिच्या नाचाच्या वाटेने. फळ धरायच्या आधीच अकरा झाडं उपटून जाळावी लागली. कात्रीवर मात्र एकही डाग नव्हता.

तेव्हापासून झाड संपलं की डुबुक, झाड संपलं की डुबुक! हळूहळू बाग पुन्हा खिदळू लागली.

एक दिवस शेजारच्या बागेतली कात्री ठुमकत आली. "आंघोळ? मला? बघ तरी, किती चकचकीत आहे मी!"

"अकरा झाडं गेली, तेव्हा मीही अशीच चकचकीत होते गं," आपली कात्री म्हणाली. "उतर बादलीत."