कस्तुरा पाणी प्याली

पाणसगाव माळावर आहे. चारी बाजूंनी वारा. निरंतरनाथ महाराज या गावात अकरा वर्षे राहिले. कुठून आलात, असे ज्यांनी विचारले त्यांना महाराजांनी भाकरी वाढली. उत्तर मात्र दिले नाही.

महाराजांच्या मठाला लागून जहागिरीची पागा होती. पागेत अकरा घोडी.

एवढी जागा डोळ्यांसमोर असली की कथा कळते. मठ, मठात धुनी. मध्ये एक भिंत. भिंतीपलीकडे घोडी आणि दगडी कुंड.

तुळाजी हा पागेतला मोतद्दार. घोड्यांची वैरण, पाणी, खरारा, सगळे त्याच्याकडे. मार्गशीर्ष लागला की तो पहाटेच तांब्याचा हंडा घेऊन मठात येई, धुनीवर पाणी कोमट करी, त्यात मूठभर मीठ टाकी आणि घोड्यांना पाजी. मग पुन्हा हंडा. असे अकरा वेळा. तोवर इकडे काकडआरती होऊन जाई. तुळाजीला आरती कधीच मिळाली नाही.

रंगराव पागेदाराला रोज मिळे. तो पुढे उभा राहून टाळ वाजवी.

एके दिवशी आरती संपल्यावर रंगराव हंड्याकडे बघून म्हणाला, "काय रे तुळाजी, पागेत कोण बाळंत झालंय?"

लोक हसले.

"नाही धनी. गार पाणी दातांला झोंबतं त्यांच्या. दोन घोट घेत्यात आन् तोंड काढत्यात. मग वरनं खाल्लेला कोरडा कडबा पोटात गोळा होऊन बसतो."

"घोड्यानं सांगितलं तुला?"

"व्हय."

पुन्हा हसू. रंगरावाला ते हसू आपल्यावर आल्यासारखे वाटले. तो चिडून म्हणाला, "तीन पिढ्यांची पागेदारी आहे आमची. थंडीत घोड्याला ऊब लागते, ती हरभऱ्याच्या चंदीतून मिळते. उद्यापासून चंदी दुप्पट, कडबा निम्मा. आणि हा हंडा पुन्हा दिसला तर पागेत पाऊल ठेवायचं नाही."

"धनी, ऊब कडब्यानं ऱ्हाते. रात्रभर चघळत ऱ्हायलं की अंग तापतं..."

"पुरे!"

महाराज धुनीशी बसले होते. तुळाजीने त्यांच्याकडे पाहिले. महाराज म्हणाले, "आज आरतीला तूच होतास, बाबा." एवढेच. रंगरावाला ते वेड्याचे बोलणे वाटले.

तीन दिवस.

पहिल्या दिवशी घोड्यांनी चंदी चाटूनपुसून खाल्ली. दुसऱ्या दिवशी कुंडातले पाणी जेमतेम चार बोटे उतरले. तिसऱ्या दिवशी तेवढेही नाही. रंगराव म्हणाला, "थंडीत तहान कमीच लागते."

चौथ्या दिवशी सकाळी कुंडावर बर्फाची पापडी धरली होती आणि कस्तुरा खाली पडली होती.

कस्तुरेविषयी सांगायला हवे. तिची आई ती चार दिवसांची असताना मेली. रंगरावाने तिला शेळीचे दूध बोटावरून पाजून वाढवले होते. त्याला मूलबाळ नव्हते. घोडी विकत मागायला आलेल्या माणसांशी तो महिनाभर बोलत नसे. अशी ती कस्तुरा आता मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होती, पाय झाडत होती, लोळत होती. कालपासून तिने लीद टाकली नव्हती.

"आलं आणा! गूळ आणा!" रंगराव ओरडत होता.

तुळाजी हुकूम मोडून मठाकडे पळाला. धुनीवर पाणी तापवून हंडा खांद्यावर घेऊन आला. रंगरावाने त्याला पाहिले आणि घाबरलेला माणूस करतो तेच केले. ढकलून दिले. हंडा दगडावर आपटला, तळाशी चिरला. पाणी मातीत गेले. त्याची वाफ थोडा वेळ दिसली.

घोडी कण्हली.

मग महाराज भिंतीतल्या खिंडारातून आत आले. कुंडाच्या काठावर बसले. त्यांनी पापडी फोडली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले.

"महाराज, गारठ्यानं..." तुळाजी म्हणाला.

"मीठ आण," महाराज म्हणाले.

काय झाले ते जमलेल्या सगळ्यांनी पाहिले. आधी पापडीचे तुकडे विरले. मग पाण्यावरून वाफ निघू लागली. ना विस्तव, ना सरपण. महाराजांचे डोळे मिटलेले. आणि कुंडातून वाफ!

तुळाजीने मीठ टाकले. घोडीच्या गळ्याखाली खांदा लावून तिला उठवले, कुंडाशी आणले. कस्तुरेने ओठ पाण्याला लावले. थांबली. मग प्याली. गळ्यातून एकेक घोट उतरताना दिसत होता. तुळाजीने तिला धरून पागेभोवती फिरवले, परत आणले, पुन्हा पाजले. उन्हे अंगणात उतरेपर्यंत हेच चालले.

आणि कस्तुरेने लीद टाकली.

काही सांगणारे संकोचाने हे वाक्य गाळतात. गाळू नये. त्या लिदेसाठी सगळ्या पागेने महाराजांचा जयजयकार केला आहे!

रंगराव पुढे आला. पायांवर डोके ठेवायला वाकला, तेव्हा महाराजांनी त्याला उठवण्यासाठी हात पुढे केले. रंगरावाने ते धरले आणि दचकला. बोटे निळी पडली होती. दगडासारखी थंड.

"महाराज, पाणी तर ऊन झालं! मग हे..."

"गारठा कुठंतरी जायला हवा ना, रंगराव."

रंगराव तुळाजीकडे वळून म्हणाला, "तुळाजी, मी..."

"ऱ्हाऊ द्या, धनी," तुळाजी म्हणाला. "बाकीची दहाबी तहानेली हैत." आणि तो एकेका घोड्याचा दोर सोडू लागला.

रंगरावाने महाराजांचे हात आपल्या दोन्ही हातांत घेतले, त्यांवर कपाळ टेकले आणि तो कुंडाशी गुडघ्यांवर वाकून बसला. हातांना ऊब येईपर्यंत उठायचे नाही, असे त्याने मनाशी ठरवले असावे. सुटलेली दहाही घोडी आली. जागा अपुरी होती. त्यांनी त्याच्या पाठीवरून माना पुढे काढल्या आणि पाणी पिऊ लागली. त्याच्या पागोट्यावर, मानेवर, अंगरख्यावर त्यांच्या ओठांतले थेंब पडत राहिले.

तो हलला नाही.